निळा चेहरा, बोटावरचा चिमटा आणि मिनिटाचे तीस श्वास

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत ब्रिटिश लष्करी रुग्णालयांतील डॉक्टर रुग्णाच्या चेहऱ्याचा रंग पाहून त्याचे भवितव्य जोखीत. चेहरा लालसर असेपर्यंत आशा असे; ओठ, कान व गाल जांभळट-निळे पडू लागले की वाचण्याची शक्यता फारच थोडी, असा अनुभव होता. त्या छटांची रंगीत चित्रेही पुढे वैद्यकीय अहवालात छापली गेली. भारतात त्या साथीने एक कोटीहून अधिक बळी घेतले.

रंग म्हणजे अखेर डोळ्यांचा अंदाज. त्याच साथीत न्यूयॉर्कच्या रॉकफेलर रुग्णालयात विल्यम स्टेडी यांनी न्यूमोनियाच्या रुग्णांच्या धमनीतून रक्त काढून त्यातील ऑक्सिजन प्रत्यक्ष मोजला. उणीव जितकी मोठी तितका मृत्यू जवळ, हे १९१९ मध्ये आकड्यांत दिसले. त्याच सुमारास डॅनिश वैद्य क्रिस्तेन लुंड्सगार्ड यांच्या अभ्यासातून निळेपणाचे गणित उलगडले: केशवाहिन्यांतील रक्तात दर १०० मिलिलिटरमागे सुमारे ५ ग्रॅम हिमोग्लोबिन ऑक्सिजनविना असेल, तेव्हा कातडी निळी दिसते. याचा एक परिणाम भारतासाठी विशेष महत्त्वाचा आहे. ज्याच्या रक्तात मुळातच हिमोग्लोबिन कमी, तो निळा पडतो फार उशिरा, कधी पडतही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे.

धमनीत सुई न टोचता ऑक्सिजन मोजण्याची वाट जपानमध्ये सापडली. ताकुओ आओयागी हृदयातून वाहणारे रक्त मोजण्याची रीत शोधत होते; नाडीच्या ठोक्यांमुळे प्रकाशाच्या नोंदीत सारखा व्यत्यय येई. तो व्यत्ययच उपयोगी आहे, हे त्यांनी १९७२ मध्ये ओळखले आणि पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व हाती आले. १८ एप्रिल २०२० रोजी आओयागी वारले. तेव्हा त्यांचा बोटावरचा चिमटा जगभर शोधला जात होता, कारण कोविडचे कित्येक रुग्ण धाप न लागता बोलत-चालत असत आणि त्यांचा ऑक्सिजन मात्र घसरलेला असे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राच्या आरोग्य विभागाने घरी सहा मिनिटे चालून चिमट्यावरचा आकडा पुन्हा पाहण्याचा सल्ला दिला. मात्र हे उपकरणही निर्दोष नाही. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, चिमटा ऑक्सिजन पुरेसा दाखवीत असताना रक्तात तो कमी असल्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळले.

दरम्यान संगणकी प्रारूपांचे पीक आले. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील आढाव्याने ३१ प्रारूपे तपासली. सगळ्यांतच चुकीच्या निष्कर्षाचा धोका मोठा ठरला. एक कारण साधे होते: अभ्यास संपताना जे रुग्ण अजून खाटेवरच होते, त्यांना काही प्रारूपांनी हिशेबातूनच वगळले. त्यांचे पुढे काय झाले, हे मग त्या प्रारूपांना कसे कळावे?

ब्रिटनमधील २६० रुग्णालयांतील ३५,४६३ रुग्णांवरून त्याच वर्षी बेतलेले ‘फोर-सी’ गुणांकन अधिक टिकाऊ निघाले. त्यातले घटक आठ: वय, लिंग, सहव्याधींची संख्या, श्वसनाचा वेग, ऑक्सिजन, शुद्ध, रक्तातील युरिया आणि सीआरपी. आयआयटी मुंबईतील संशोधकांनी मुंबईच्या रुग्णांच्या रक्तद्रवावर अवरक्त किरण टाकून तीव्रता ओळखण्याचा प्रयत्न केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयत्न मोलाचा आहे. पण एका शहरात वा एका देशात शिकलेले प्रारूप दुसरीकडे जसेच्या तसे चालेलच असे नाही. ज्या वॉर्डात खाट आणि ऑक्सिजन वेळेवर मिळाले, तिथल्या मृत्यूंवरून ते मिळाले नाहीत तिथले भाकीत करणे अवघडच.

या साऱ्यात एक आकडा मात्र फारसा हललेला नाही. न्यूमोनियाची तीव्रता मोजण्यासाठी २००३ मध्ये आलेल्या ‘कर्ब-६५’ निकषात मिनिटाला ३० किंवा अधिक श्वास हे धोक्याचे लक्षण होते. भारताच्या २०२१ च्या कोविड मार्गदर्शिकेतही, ऑक्सिजन ९० टक्क्यांखाली नसला तरी, मिनिटाला ३० हून अधिक श्वास म्हणजे तीव्र आजार. तो मोजायला घड्याळ पुरते, आणि रुग्णाच्या छातीकडे पूर्ण एक मिनिट पाहत राहणारे कोणीतरी.