देवीचे शस्त्र आणि विजेत्याची लूट : भवानी तलवार व संगणकीय खेळातील प्राचीन वस्तू

प्रस्तावना

काळेवाडी, थेरगाव, भोसरी ते चाकण हा पट्टा यंत्रोद्योगाचा म्हणून ओळखला जातो. जुन्या शस्त्रकारांच्या भाषेत ज्याला पोलादाला 'पाणी देणे' म्हणत, ती क्रिया येथील कारखान्यांत 'हार्डनिंग' या नावाने रोज घडते. याच परिसरालगत पुण्यात गेल्या दोन दशकांत संगणकीय खेळांची निर्मिती करणारा एक वेगळा उद्योगही उभा राहिला आहे. त्या खेळांत पोलादाला पाणी द्यावे लागत नाही. तेथील शस्त्र प्राचीन असते, दैवी असते आणि ज्याच्या हाती पडेल त्याला सामर्थ्य देते. महाविद्यालयीन विद्यार्थी इतिहासाच्या वर्गात येताना ही कल्पना सोबत घेऊन येतो. भवानी तलवारीच्या परंपरेशी ती कितपत जुळते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

खेळातील खंजीर

'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम' हा खेळ २००३ मध्ये युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने प्रसिद्ध केला. त्याची नवी आवृत्ती करण्याचे काम कंपनीच्या पुणे व मुंबई येथील शाखांकडे आले आणि सप्टेंबर २०२० मध्ये तशी घोषणा झाली. २०२२ मध्ये ते काम मॉन्ट्रियलकडे गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीने प्रकल्पच रद्द केला. पुण्याच्या दृष्टीने ही हकीकत खेदाची असली, तरी येथे महत्त्व आहे ते कथानकाला. इराणी सैन्य एका भारतीय महाराजाच्या राजवाड्यावर हल्ला करते. फितूर वजीर दरवाजे उघडून देतो. राजपुत्र खजिन्यातून काळाला मागे फिरविणारा खंजीर विजयचिन्ह म्हणून उचलतो. पुढे त्याच खंजिराने अनर्थ ओढवतो आणि शेवटी राजपुत्र काळ मागे नेऊन तो खंजीर महाराजाच्या कन्येला, फराहला परत करतो. म्हणजे कथेचा आरंभ लुटीने आणि शेवट परतफेडीने होतो. कथाकाराला हे साधले, कारण काळ मागे नेण्याची सोय त्याने त्या वस्तूतच करून ठेवली होती.

शिवभारतातील भवानी

शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून कवींद्र परमानंदाने रचलेले 'शिवभारत' हे समकालीन संस्कृत काव्य. अफजलखानाच्या भेटीपूर्वी तुळजाभवानी महाराजांना दर्शन देते, असा प्रसंग त्यात आहे. देवी तेथे तलवार आणून देत नाही. आपण स्वतः कृपाणरूपाने राजाच्या हाती राहिलो आहोत, असे ती सांगते. हा फरक बारीक वाटला तरी मूलगामी आहे. दैवी सामर्थ्य येथे पात्यात साठविलेले नसून त्या हाताशी आणि त्या कार्याशी बांधलेले आहे. तेच पाते दुसऱ्या कोणी उचलले, तर त्यात देवी असेल असे परमानंद कोठेही म्हणत नाही.

उत्तरकालीन बखरींतील हकीकत याहून पुष्कळ व्यवहारी आहे. कोकणात गोवलेकर सावंतांकडून महाराजांनी तीनशे होन देऊन एक उत्तम फिरंग घेतली आणि तिचे नाव भवानी ठेवले, अशी ती परंपरा. फिरंग म्हणजे युरोपीय पात्याची सरळ तलवार. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासग्रंथात या तलवारीचे पाते जिनोआचे असल्याचे नमूद केले, ते या परंपरेशी सुसंगत आहे. पाते परदेशातून आलेले, ते मोल देऊन घेतलेले आणि नाव मात्र कुलदेवतेचे! पोर्तुगीजांशी शेजार असलेल्या, उत्तम पोलादाची पारख असलेल्या राजाला यात काही विसंगत वाटले असेल असे मानण्याचे कारण नाही. विसंगती वाटते ती नंतरच्या भाविकाला. आणि म्हणूनच बहुधा कॅलेंडरांवरील चित्रांत देवी स्वतः तलवार हाती देऊ लागली. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'राजी' या खेळात दुर्गा एका मुलीला त्रिशूळ देते. दृश्य तेच आहे, हात बदलले आहेत. भक्त ते चित्र पाहून नमस्कार करतो, खेळणारा मात्र तो त्रिशूळ चालवतो. परमानंदाच्या कल्पनेपासून हे अंतर बरेच मोठे आहे.

हस्तांतराची साखळी

खेळातील खंजीर खजिन्यातून उचलला जातो. भवानीच्या परंपरेतही असा प्रसंग आहे. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती पडला, तेव्हा तलवार बादशहाकडे गेली आणि पुढे कैदेतील शाहूंच्या विवाहप्रसंगी औरंगजेबाने ती त्यांना दिली, असे ग्रँट डफ सांगतो. साताऱ्याच्या राजघराण्यात पूजिली जाणारी तलवार ती हीच, असा त्याचा रोख आहे. साताऱ्याच्या तलवारीवर शाहूंचे नाव कोरलेले असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. नाव शाहूंचे असल्याने ती महाराजांची नव्हेच, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. त्याचबरोबर त्या कोरीव अक्षरांतून शाहूंच्या पलीकडचे काही सिद्ध होत नाही, हेही मान्य करावे लागते.

लंडनच्या तलवारीची गोष्ट निराळी आहे. १८७५-७६ मध्ये ब्रिटनचा युवराज, पुढील सातवा एडवर्ड, हिंदुस्थानात आला. त्याला कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांच्याकडून एक जुनी मराठा तलवार भेट मिळाली. ती ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. कोल्हापूरच्या शिलेखान्यात तिचे नाव 'जगदंबा' होते, असे संशोधक दाखवितात. त्या वेळी छत्रपती जेमतेम बारा वर्षांचे होते आणि संस्थानचा कारभार ब्रिटिशांच्या देखरेखीखाली चालत होता. अशा स्थितीतील देण्याला 'भेट' म्हणावे काय, हा प्रश्न तलवार अस्सल की नक्कल या प्रश्नापेक्षा कमी महत्त्वाचा नाही. चर्चा मात्र नेहमी दुसऱ्याच प्रश्नाची होते. १९८० मध्ये मुख्यमंत्री झालेल्या बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी भवानी तलवार लंडनहून आणण्याचा निर्धार जाहीर केला, तेव्हा महाराष्ट्रभर उत्साहाची लाट उसळली. जानेवारी १९८२ मध्ये वेगळ्याच कारणाने त्यांना पद सोडावे लागले आणि तलवार आली नाही. त्या उत्साहात एक गृहीत दडलेले होते: वस्तू परत आली की तिच्याबरोबरचे सामर्थ्यही परत येईल. शिवभारताला हे गृहीत अपरिचित आहे; खेळाला ते पूर्णपणे परिचित आहे.

पेटीवरील मजकूर

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधील वाघनखे तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि प्रथम साताऱ्याच्या संग्रहालयात मांडली गेली. महाराजांनी अफजलखानाविरुद्ध वापरली ती हीच, हे सिद्ध करता येत नाही, अशी त्या म्युझियमची स्वतःचीच भूमिका आहे. वाघनखांसोबतची पेटी येथे अधिक बोलकी ठरते. सातारा येथे रेसिडेंट असताना ग्रँट डफला ही वस्तू पेशव्यांच्या प्रधानाने दिली, असा इंग्रजी मजकूर तिच्यावर आहे. आणि जो सरदार मारला गेला तो मोगल होता, असेही त्यात लिहिले आहे. अफजलखान आदिलशाहीचा सरदार होता, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. स्वतः ग्रँट डफने आपल्या ग्रंथात त्याला विजापूरचाच म्हटले आहे. तेव्हा हा मजकूर त्याच्या लेखणीतून उतरला असण्याचा संभव कमी. घराण्यात गोष्ट सांगता सांगता तिच्यातील तपशील पुसट झाल्यावर कोणीतरी तो लिहविला असावा. दागिन्यापेक्षा डबीच अधिक काही सांगते, तशातला हा प्रकार आहे. पदव्युत्तर वर्गाला साधनचिकित्सा शिकविण्यासाठी याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

याच्या अगदी उलट उदाहरण नागपूरकर भोसल्यांच्या तलवारीचे आहे. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सोदबीज या लिलावगृहात आलेली ही तलवार महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपयांत मिळविली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. देवीने दिल्याची कथा तिच्यामागे नाही. सरळ पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत सेनासाहिबसुभा राघोजी भोसले यांचे नाव आहे आणि त्यापुढे शस्त्राचा प्रकार नोंदविला आहे : फिरंग.