छपाई-आज्ञांचा नामसंघर्ष (युनिक्स)

नवी छपाई-प्रणाली बसवली की तिच्या आज्ञा आणि यंत्रावर आधीपासून असलेल्या त्याच नावाच्या आज्ञा यांत होणारी टक्कर. युनिक्समध्ये अशा आज्ञांची दोन घराणी आहेत : बर्कलीचे एलपीआर, एलपीक्यू, एलपीआरएम आणि सिस्टिम फाइव्हचे एलपी, एलपीस्टॅट, कॅन्सल. मायकेल स्वीट यांनी १९९७ मध्ये काम सुरू केलेल्या आणि १९९९ मध्ये बाहेर आलेल्या ‘कप्स’ या छपाई-प्रणालीने दोन्ही घराण्यांची नावे उचलली. निर्णय शहाणपणाचा होता. वर्षानुवर्षांच्या स्क्रिप्ट चालू राहिल्या आणि माणसांना नवे काही पाठ करावे लागले नाही. मात्र एका नावाचे दोन प्रोग्रॅम एका यंत्रावर आले.

फ्रीबीएसडीत हे सर्वांत स्पष्ट दिसते. मूळ प्रणालीचा एलपीआर ‘/यूएसआर/बिन’मध्ये असतो, कप्सचा ‘/यूएसआर/लोकल/बिन’मध्ये. आज्ञा शोधण्याच्या मार्गात (‘पाथ’) पहिली जागा आधी येते, म्हणून जुना प्रोग्रॅम चालतो. तो रांग ‘/ईटीसी/प्रिंटकॅप’ या फायलीत शोधतो आणि ‘अननोन प्रिंटर’ म्हणून थांबतो. ब्राउझरमधल्या कप्सच्या पानावर तोच प्रिंटर तयार उभा असतो. केबल आणि ड्रायव्हर तपासण्यात वेळ घालवण्यापूर्वी ‘व्हिच एलपीआर’ ही आज्ञा द्यावी. कोणती फाइल चालते आहे ते एका ओळीत कळते. उपाय शोधमार्गाचा क्रम बदलणे, किंवा मूळ प्रणाली एलपीआर वगळून बांधणे.

डेबियनमध्ये बर्कली आज्ञा ‘कप्स-बीएसडी’ या वेगळ्या पॅकेजात आहेत आणि ते जुन्या एलपीआर पॅकेजाशी विरोध जाहीर करते : एक आले की दुसरे जाते. रेड हॅटने दोघांना नांदू दिले. कप्सच्या फायलीला ‘एलपीआर.कप्स’ असे शेपूट लावून मूळ नाव ‘अल्टरनेटिव्हज’ या निवड-यंत्रणेच्या दुव्याकडे सोपवले. हीच रीत अधिक सभ्य, कारण निवड उघड राहते आणि फिरवताही येते.

सोलॅरिसमध्ये मात्र ११व्या आवृत्तीपासून कप्स हीच मूळ छपाई-सेवा आहे.

नाव सारखे असले तरी वागणे नेहमी सारखे नसते. छपाई-नियंत्रणाची आज्ञा एलपीसी घ्या : कप्सच्या एलपीसीत बर्कलीच्या सगळ्या उपआज्ञा नाहीत. रांग थांबवण्या-चालवण्यासाठी कप्सच्या स्वतंत्र आज्ञा आहेत. शिवाय कप्स आपल्या रांगांची यादी प्रिंटकॅप फायलीत लिहू शकते. तिथे हाताने केलेल्या नोंदी असतील तर त्यांची प्रत आधी काढून ठेवावी.

बर्कलीचा जुना छपाई-सेवा प्रोग्रॅम एलपीडी ५१५ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो आणि कप्स ६३१वर, त्यामुळे तिथे टक्कर नाही. जुन्या यंत्रांकडून ५१५वर येणारी कामे ‘कप्स-एलपीडी’ हा छोटा प्रोग्रॅम स्वीकारतो. तो चालू करण्याआधी जुना एलपीडी बंद करावा लागतो.