गॅमा नाइफ
कवटी न उघडता मेंदूतील गाठी व रक्तवाहिन्यांची विकृत जाळी यांवर किरणोत्सर्गाने उपचार करणारे उपकरण. स्वीडिश मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल (१९०७–८६) यांनी १९५१ मध्ये ही कल्पना मांडली. आधी क्ष-किरण, मग उप्साला येथे बोर्ये लार्सन यांच्यासोबत प्रोटॉन शलाका त्यांनी वापरून पाहिल्या. स्टॉकहोममधील पहिल्या यंत्रात (१९६८) कोबाल्ट-६० चे १७९ स्रोत होते. एकेकटी शलाका क्षीण असल्याने वाटेतील ऊती बचावतात. सर्व शलाका एकवटतात तिथेच मात्रा घातक ठरते. डोक्याला स्क्रूंनी घट्ट बसवलेली धातूची चौकट नेम चुकू देत नाही. खरा प्रसार मात्र सीटी व एमआरआय आल्यावरच झाला. लक्ष्य दिसल्याशिवाय नेम धरणार कशावर? सुमारे ३ सेंमी.पेक्षा मोठ्या गाठींसाठी आजही सहसा शस्त्रक्रियाच श्रेयस्कर मानतात.