ऋतुमानाने हलणारी भूमी व भूमापनाचा इतिहास : बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

भूमापनाचा इतिहास लिहिताना मोजणारे अधिकारी, त्यांची उपकरणे व त्यांचे नकाशे यांचा विचार होतो. जी भूमी मोजली गेली ती मात्र अचल मानली जाते. ही समजूत बुलढाणा जिल्ह्यापुरती तपासून पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जिल्ह्याची भूरचना या तपासणीस अनुकूल आहे. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस बुलढाणा, चिखली, मेहकर या तालुक्यांचे बेसॉल्टचे पठार आणि दोहोंच्या मध्ये पूर्णेचे सपाट खोरे. पठारावर मुरूम व खडक पुष्कळ ठिकाणी थोड्याच खोलीवर लागतो. मलकापूर, नांदुरा, शेगाव या बाजूस काळ्या चिकण मातीचे व गाळाचे जाड थर आहेत. या मातीतील माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते व वाळले म्हणजे आकसते. वैशाखात शेतांत पडलेल्या भेगा पावसाळ्यात मिटतात, हे कुणब्यास सांगावे लागत नाही. घराचा पाया मुरमापर्यंत नेण्याची रीत याच अनुभवातून आलेली आहे.

आता मोजणीकडे वळू. १८०२ साली मद्रासजवळ लॅम्टनने आरंभिलेले बृहत् त्रिकोणमितीय सर्वेक्षण जिल्ह्याच्या पूर्वेकडून वऱ्हाडातून उत्तरेस गेले. जानेवारी १८२३ मध्ये लॅम्टन हिंगणघाट येथे वारला व एव्हरेस्टने काम पुढे नेले. टाकळखेडा या नावाने नोंदलेल्या वऱ्हाडातील वेधस्थानी उत्तरेकडील डोंगरांच्या आकर्षणाने ओळंबा ढळत असावा, असा संशय त्यास आला होता. म्हणजे ज्याच्या आधारे मोजावयाचे ते साधनच भूमीच्या प्रभावाखाली असते, ही जाणीव तेव्हापासूनची आहे. पुढे १८५३ साली वऱ्हाड इंग्रजी अमलाखाली आल्यावर १८६१ पासून मुंबई पद्धतीची महसुली मोजणी सुरू झाली. शेताचा धुरा हा या मोजणीचा घटक होता. ऋतुपरत्वे भूमी वर-खाली होते, याचा हिशेब या मोजणीत धरण्याचे कारणच नव्हते. कारण साखळीची स्वतःची चूक त्याहून मोठी होती.

उपग्रहांनी ही स्थिती पालटली. अमेरिकेच्या जीपीएस मालिकेतील पहिला उपग्रह १९७८ साली सोडला गेला. १९९५ मध्ये ती यंत्रणा पूर्णत्वास आली व २ मे २००० पासून नागरी संकेतांत हेतुपुरस्सर ठेवलेली अशुद्धता काढून टाकण्यात आली. भारतीय सर्वेक्षण विभागाने अलीकडे उभारलेल्या अखंड चालणाऱ्या स्थानकांच्या आधारे आता काही सेंटिमीटरांपर्यंत स्थान निश्चित करता येते. साधनाची चूक इतकी लहान झाली तेव्हा भूमीची हालचाल प्रथमच मोजणीत दिसू लागली.

ही हालचाल एकविध नाही. समजा, पावसाळ्याअखेर जिल्ह्याच्या सुमारे ९,६६० चौरस किलोमीटर क्षेत्रावर २० सेंटिमीटर पाणी जमिनीत व जलाशयांत साठून राहिले. तर त्याचे वजन सुमारे १९३ कोटी टन भरेल. आसमंतातील प्रदेशांवरही असाच भार पडतो व त्याने भूकवच किंचित खाली दबते. उन्हाळ्यात भार उतरला की ते पुन्हा वर येते. ॲमेझॉनच्या खोऱ्यात मनौस येथे हा वार्षिक चढउतार ५० ते ७५ मिलिमीटर आढळला आहे. आपल्याकडे तो त्याहून पुष्कळच कमी असतो. परंतु काळ्या मातीत रोवलेला खांब पावसाळ्यात माती फुगल्याने वर उचलला जातो. म्हणजे एकाच महिन्यात चिखलीच्या खडकावरील खूण खाली जाईल, तर नांदुऱ्याच्या मातीतील उथळ खूण वर येईल. शिवाय पावसाळी हवेतील बाष्पामुळे उपग्रहाच्या संकेतास होणारा विलंब अंतराच्या मापात ३० सेंटिमीटर वा अधिक भरतो. हिवाळ्यात तो बराच कमी असतो. त्याचा परिहार अपुरा राहिला तर उंचीतच अधिक चूक शिरते. तिन्ही कारणांचे पंचांग एकच असल्याने त्यांना वेगळे करणे कठीण होते.

येथे मर्यादा सांगणे अवश्य आहे. ही हालचाल मुख्यतः उभी आहे. शेजाऱ्याने हातभर धुरा कोरला असेल तर त्याचे समर्थन भूमीच्या फुगण्याने होणार नाही. तसेच हातातील फोनच्या काही मीटरांच्या चुकीपुढे तिला महत्त्व नाही. पण पूर्णाकाठच्या सपाट मुलखात, जेथे कालव्याचा उतार अल्प असतो, तेथे उंचीतील दोन सेंटिमीटरही उपेक्षणीय नाहीत. जिगावसारख्या प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात मे महिन्यातील उंची व सप्टेंबरातील उंची यांची तुलना करताना खूण खडकावर आहे की मातीत, हे प्रथम पाहिले पाहिजे.

तात्पर्य, दोन काळच्या मोजण्यांतील प्रत्येक तफावत मोजणाऱ्याच्या माथी मारणे हा त्या मोजणाऱ्यावर अन्याय आहे आणि प्रत्येक तफावत भूमीवर ढकलणे ही पळवाट आहे. जुन्या नोंदी वाचताना वर्षाबरोबर ऋतू शोधावा व नव्या नोंदी करताना महिना आणि खुणेचा पाया दोन्ही लिहून ठेवावे. असे झाले तर आज होत असलेली मोजणी पुढील अभ्यासकास निःशंकपणे वापरता येईल.