दमट हवेत वाळणारा रंग

१८७३ साली व्हिएन्ना येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात जपानने आपल्या कारागिरीचे उत्तमोत्तम नमुने मांडले होते. त्यांतील बऱ्याच वस्तू घेऊन परतणारे ‘नील’ हे फ्रेंच जहाज मार्च १८७४ मध्ये जपानच्या इझू द्वीपकल्पाजवळ बुडाले. पुढच्या वर्षी पाणबुड्यांनी काही वस्तू वर काढल्या. त्यांत रोगण दिलेल्या लाकडी वस्तूही होत्या. इतका काळ खाऱ्या पाण्यात राहूनही त्यांच्या रोगणाला फारशी इजा झाली नव्हती.

हे रोगण म्हणजे ‘उरुशी’, त्याच नावाच्या झाडाचा चीक. हे झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळातले. बिब्ब्याचे तेल अंगाला लागले की फोड येतात, ‘बिब्बा उतला’ असे आपण म्हणतो. उरुशीचा ताजा चीकही असाच उततो, कारण दोहोंतील दाहक रसायने एकाच घराण्यातील आहेत. धोबी बिब्ब्याने कपड्यांवर खुणा करीत आणि त्या कितीही धुतल्या तरी जात नसत. अंगावर उतणारे आणि कपड्यावर टिकणारे द्रव्य एकच, हे लक्षात घेतले तर उरुशीचे मर्म समजायला सोपे जाते.

आपल्याकडे कातारी लाकडी खेळण्यांना लावतात ती लाख मात्र वेगळी. ती एका किड्यापासून मिळते, उष्णतेने मऊ होते आणि स्पिरिटात विरघळते. वाळलेली उरुशी या दोहोंनाही दाद देत नाही. म्हणून तर जपानी माणूस वाफाळते सूप उरुशीच्या लाकडी वाडग्यातून पितो. लाकूड उष्णतेचे मंदवाहक असल्याने वाडगा हातात धरला तरी चटका बसत नाही.

असा वाडगा बनवणे हे चिकाटीचे काम. नोतो द्वीपकल्पावरील वाजिमा हे गाव त्यासाठी प्रसिद्ध आहे. तेथे चांगल्या वाळलेल्या लाकडाचा वाडगा कातून घेतात. काठ आणि बूड हे झिजणारे भाग. तेथे भाताची खळ मिसळलेल्या उरुशीने कापडाची पट्टी चिकटवतात. मग स्थानिक डायटम-मातीची भाजलेली पूड उरुशीत कालवून तिचे थर देतात. डायटम हे सूक्ष्म शैवाल. त्याच्या सिलिकायुक्त सच्छिद्र कवचांत उरुशी मुरते आणि पाया कठीण होतो. प्रत्येक थर वाळवायचा, घासायचा, मग पुढचा द्यायचा. शेवटचा हात माणसाच्या केसांच्या कुंचल्याने, धूळ नसलेल्या खोलीत देतात. या साऱ्या पायऱ्या मोजल्या तर त्या शंभरावर जातात.

यातली सर्वांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे वाळवण्याची रीत. आपण ओला रंग उन्हात ठेवतो. उरुशीचा वाडगा मात्र मुद्दाम ओलसर केलेल्या लाकडी कपाटात ठेवतात. २० ते २५ अंश सेल्सियस तापमान आणि ७० ते ८० टक्के आर्द्रता असली तर रोगण चांगले धरते. कोरड्या हवेत ते दिवसेंदिवस चिकटच राहते. कारागिरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. असे का होते, हे मात्र कोणी सांगू शकत नव्हते.

उत्तराची पहिली पायरी चढला तो हिकोरोकुरो योशिदा हा तरुण जपानी रसायनशास्त्रज्ञ. १८८३ साली लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा लेख आला. त्याने चिकाचे घटक वेगळे केले. मुख्य तेलकट घटक एकटा घट्ट होत नाही, त्याला चिकातलाच एक नायट्रोजनयुक्त पदार्थ लागतो, शिवाय ऑक्सिजन आणि ओलावाही लागतो, असे त्याला दिसले. तो पदार्थ एका मर्यादेपलीकडे तापवला की त्याची शक्ती नष्ट होते. हा पदार्थ म्हणजे विकर, अर्थात एन्झाइम. म्हणजे उरुशीचे वाळणे हे पाणी उडून जाणे नव्हेच, ती रासायनिक क्रिया आहे. ओल्या हवेत विकर काम करीत राहते, ऑक्सिजन घेते आणि तेलाचे रेणू एकमेकांत गुंफून जाळे तयार करते. १८९० नंतरच्या दशकात गाब्रिएल बर्त्रां या फ्रेंच शास्त्रज्ञाने या विकराला ‘लॅकेज’ हे नाव दिले. त्यात तांबे असते हे पुढे सिद्ध झाले. त्या तेलाची, म्हणजे उरुशिओलची, रचना रिको माजिमा याने १९०७ पासून पंधराएक वर्षे खपून उलगडली.

विकरांचा इतिहास सांगताना आपण सहसा यीस्ट आणि १८९७ सालच्या बुखनरच्या प्रयोगापाशी थांबतो. योशिदाचा लेख त्याच्या १४ वर्षे आधीचा आहे. त्याचा विचार वर्गातही करून पाहता येतो. बटाट्याची एक कच्ची व एक उकडलेली फोड शेजारी ठेवा. कच्ची काळपट पडते, उकडलेली पडत नाही. काळे पाडणारे विकरही तांबेयुक्तच असते आणि तेही उष्णतेने निकामी होते. ‘असे का?’ हा प्रश्न मुलांना आधी विचारावा, उरुशीची गोष्ट मग सांगावी.

एवढ्या टिकाऊ रोगणाची परंपरा मात्र नाजूक झाली आहे. झाड दहा-पंधरा वर्षांचे झाल्यावर उन्हाळ्यापासून शरदापर्यंत त्याला चिरा देतात. हंगामात जेमतेम २०० ग्रॅम चीक मिळतो आणि मग झाड तोडतात. जपानमध्ये वापरली जाणारी बहुतेक उरुशी चीनमधून येते. राष्ट्रीय ठेवा ठरलेल्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी देशी उरुशीच वापरावी, असे धोरण तेथील सांस्कृतिक खात्याने २०१५ साली घेतले आणि इवाते प्रांतातील चीक काढणाऱ्यांची मागणी वाढली. पण आज लावलेले रोप चीक देईपर्यंत आजचा विद्यार्थी कमावता झालेला असेल. त्यातच १ जानेवारी २०२४ च्या भूकंपाने आणि त्यानंतरच्या आगीने वाजिमातील अनेक कारागिरांची घरे व कामाच्या जागा गेल्या.

उरुशिओलचे सूत्र आता पुस्तकात आहे. पण कपाटातली हवा आज पुरेशी दमट आहे की नाही, थर किती पातळ हवा, हे अजूनही कारागिराच्या हातालाच कळते. ते हात शिकवायला उरले, तरच सूत्राचा वाडगा होईल.