मँडेलब्रॉट संच : चतुर्मितीय आकृतीचा छेद

संगणकाच्या पडद्यावर सपाट दिसणारा मँडेलब्रॉट संच हा गणिताच्या दृष्टीने एका चतुर्मितीय आकृतीचा छेद आहे. संख्येचा वर्ग करून त्यात एक ठरावीक संख्या मिळवायची आणि आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा पुन्हा करायची, एवढेच यामागील सूत्र. शून्यापासून आरंभ करून दर वेळी १ मिळवल्यास १, २, ५, २६ अशी उत्तरे वाढत जातात; उणे १ मिळवल्यास ती उणे १ व ० यांतच फिरतात. आरंभीची व मिळवायची, या दोन्ही संख्या संमिश्र असतात. प्रत्येकीचे वास्तव घटक दोन, म्हणून मिती चार. उत्तरे मर्यादेत ठेवणाऱ्या सर्व जोड्यांची मिळून ही आकृती बनते.

मिळवायची संख्या कायम ठेवून छेद घेतल्यास भरीव जूलिया संच मिळतो. गास्तों जूलिया व प्येर फातू यांनी १९१८च्या सुमारास संगणकाविना त्यांचा अभ्यास केला. आरंभीची संख्या शून्य ठेवल्यास मिळणाऱ्या छेदाची संगणकचित्रे बन्वा मँडेलब्रॉट यांनी १९८० मध्ये अभ्यासली. मिळवायची संख्या या संचात असेल, तर तिचा जूलिया संच अखंड राहतो. बाहेर असेल, तर त्याची विखुरलेली धूळ होते. मँडेलब्रॉट संच म्हणजे अशा अगणित छेदांचा नकाशाच होय.