काळी, पांढरी आणि खारी

मेहरूण म्हटलं की जळगावकराला तलाव आठवतो, नाहीतर बोरं. पायाखालच्या मातीचं नाव कोणी घेत नाही. तापी खोऱ्यातली ही कापसाची काळी जमीन वैशाखात इतकी भेगाळते की भेगेत हात जावा, आणि मृगाच्या दोन सरी पडल्या की फुगून बैलगाडीचं चाक धरून ठेवते. कपाशीला उत्तम, पायाला वाईट.

जुन्या लोकांनी हा तंटा कधीच मिटवला होता. महसुली भाषेत शेतजमीन ती ‘काळी’ आणि गावठाण ती ‘पांढरी’. पेरायचं काळीत, राहायचं पांढरीवर. खानदेशातली धाब्याची घरं याच पांढऱ्या मातीची. तिच्यात भुसा, शेण कालवून चिखल मुरवायचा, पायांनी तुडवायचा, मग भिंतीचे थर चढवायचे. वर लाकडी तुळया, त्यांवर काटक्या, पाला, माती आणि सगळ्यात शेवटी खारी, म्हणजे खारवट माती. पावसाळ्याआधी धाब्यावर चढून खारीचा नवा थर पसरायचा. तो चुकला की आषाढात घरभर पातेली मांडायची पाळी. खारीत सोडियमचे क्षार असतात. पाणी लागताच तिचे चिकणकण सुटे होतात आणि छिद्रं बुजवतात. शेतकरी ज्या गुणापायी खारवट जमिनीला शिव्या घालतो, तोच छपराच्या कामी आला.

रस्त्याला मात्र पांढरी धरून राहता येत नाही, त्याला काळीतूनच जावं लागतं. त्यावर एक उपाय सिमेंटचा. मातीत सिमेंट मिसळून केलेला रस्ता अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या जॉन्सनव्हिलजवळ 1935 साली झाला. फाळणीनंतर, 1948च्या सुमारास, निर्वासितांसाठी कर्नालला सिमेंट मिसळलेल्या मातीची सुमारे 4,000 घरं उभी राहिली. पण ती यमुनेकाठची गाळाची माती. काळीत मुख्य खनिज माँटमोरिलोनाइट. फ्रान्समधल्या एका गावावरून 1847 साली त्याचं नाव पडलं. त्याचा एकेक पापुद्रा जेमतेम 1 नॅनोमीटर जाड. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते. म्हणजे ‘नॅनो’ हा शब्द येण्याच्या कितीतरी आधी नॅनोने खानदेशातल्या भिंती तडकवल्या होत्या!

ओल्या काळीची ढेकळं सिमेंटला आत शिरू देत नाहीत. म्हणून आधी चुना घालायचा, माती भुसभुशीत होऊ द्यायची, मग सिमेंट. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2010 सालच्या मार्गदर्शिकेत सिमेंट आणि चुन्याच्या जोडीला औष्णिक केंद्रांची राखही आहे. ती राख भुसावळजवळच्या दीपनगरला निघतेच.

नॅनोसिलिका, म्हणजे सिलिकाची नॅनो आकाराची भुकटी, हा या मालिकेतला नवा गडी. सिमेंट भिजल्यावर सुटणाऱ्या चुन्याशी तिचे अतिसूक्ष्म कण चटकन संयोग पावतात आणि मातीचे कण बांधणारा जास्तीचा चिकट पदार्थ तयार होतो. 1 ग्रॅम भुकटीचा पृष्ठभाग 200 चौरस मीटरपर्यंत भरू शकतो, त्यामुळे प्रयोगशाळेत चिमूटभरानेही मातीची ताकद वाढते. मात्र हेच कण आपसात गोळा होऊन बसतात. प्रमाण वाढवलं की ताकद उलट घटू शकते, आणि भाव तर सिमेंटच्या कितीतरी पट. प्रयोगशाळेतल्या वाटीत जे जमतं ते रस्त्यावरच्या ढेकळांत जमेलच असं नाही.

तेव्हा मेहरूणकडे घर बांधायला काढलं असेल, तर तूर्त जुनाच सल्ला ऐकावा: मुरूम लागेपर्यंत काळी उकरा आणि पावसाचं पाणी पायापासून लांब काढा.